अश्वगंधेची बाटली डॉक्टरांपासून लपवू नका

कसबा पेठेतल्या घराघरांत वयस्कर माणसांच्या उशाशी गोळ्यांचा डबा असतो. रक्तदाबाची, थायरॉईडची, साखरेची गोळी, आणि हल्ली शेजारी अश्वगंधेच्या कॅप्सूलची बाटली. डॉक्टरांनी विचारले की गोळ्यांची नावे सांगितली जातात, अश्वगंधेचे राहून जाते. ते कुठे औषध आहे, अशी समजूत. ही समजूतच मला घातक वाटते. अश्वगंधेने झोप सुधारते, मनाची उलघाल कमी होते, याला छोट्या चाचण्यांचा आधार आहे आणि तो मी नाकारत नाही. पण गुण मान्य केला की ते औषध ठरते, आणि मग औषधाची शिस्तही पाळावी लागते. गुणासोबत धोकाही येतो, हे सर्पगंधा या दुसऱ्या वनस्पतीने दाखवले आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला. पुढे तिच्यातल्याच रिसर्पिन या द्रव्यामुळे काही रुग्णांना नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या.

‘हजारो वर्षे लोक घेतातच ना?’ असे कुणी म्हणेल. घेतात, पण वैद्याने प्रकृती पाहून दिलेले मुळाचे चूर्ण. बाटलीत असतो तो आटवून तीव्र केलेला अर्क, कधी पानांचासुद्धा. म्हणून तर आयुष मंत्रालयाला 2021 मध्ये उत्पादकांना पाने वापरू नका असे सांगावे लागले. दुसरा आक्षेप असा, की लाखो लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही. खरे आहे, यकृताला इजा क्वचितच होते. पण भारतीय डॉक्टरांनी 2023 मध्ये नोंदवलेल्या रुग्णांत, आधीच यकृत बिघडलेल्या काहींचा जीव गेला. इतरांचे यकृत बहुधा कॅप्सूल बंद केल्यावर सावरते, फक्त ती वेळेवर बंद व्हायला हवी. सुरू केल्यापासून पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवा आणि यकृताची तपासणी करून घ्या.

थायरॉईडचा आजार असेल, झोपेची, साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अश्वगंधा सुरूच करू नका. गर्भारपणात तर नकोच. लेबलवर ‘मूळ’ लिहिले आहे का ते पाहा. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना बाटली आधीच नेऊन दाखवा.