डॉक्टर नाही, मग कुत्र्यांच्या निवाऱ्यात जाऊन करू काय?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुत्री मला फार आवडतात. सुट्टीत एखाद्या प्राणी-निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून जायचं मनात आहे. आई म्हणते, "तू ना डॉक्टर, ना कंपाउंडर. तिथं जाऊन नुसती लुडबूड करशील." खरंच आमच्यासारख्यांचा तिथं काही उपयोग असतो का?
— एक विद्यार्थिनी, दारव्हा

उत्तर : आईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फक्त लाड करायला आणि फोटो काढायला येणाऱ्यांचा निवाऱ्यातल्या माणसांना वैताग येतो. पण डॉक्टरांचं काम तपासून औषध लिहून देईपर्यंतचं. पुढचं सगळं इतरांच्या हातचं. पिंजरे धुणं, भांडी घासणं, गोचीड काढणं, गोळी दहीभातात लपवून चारणं आणि कोणी खाल्लं, कोणी टाकलं याची वहीत नोंद करणं. या नोंदीला मी सगळ्यात वर ठेवीन. दुखणं सांगता येत नसलेल्या जनावरानं कालपासून भाकरीला तोंड लावलेलं नाही, हे ज्याच्या लक्षात येतं त्याच्यामुळेच औषध वेळेत सुरू होतं.

गेल्या गेल्या एक गोष्ट विचारायची : हा कुत्रा परत रस्त्यावर जाणार की इथेच राहणार? २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झालेला कुत्रा एरवी जिथून उचलला तिथेच सोडायचा असतो. कानाला पाडलेली खाच ही त्याची खूण. असा पाहुणा थोड्या दिवसांचा. त्याला कोरडी जागा, वेळेवर खाणं आणि शांतता पुरते. त्याला मांडीवर घेऊन माणसाळवणं मला पटत नाही. उद्या चौकात अनोळखी माणसाच्या अंगावर त्यानं प्रेमानं जरी उडी मारली, तरी पाठीत काठीच बसायची.

ज्यांचा रस्ता कायमचा सुटला त्यांची गोष्ट वेगळी. गाडीखाली पाय गेलेले, आंधळे, मालकानं सोडून दिलेले. त्यांत आता भर पडणार आहे. ७ नोव्हेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं शाळा-महाविद्यालयं, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितलं. चार भिंतींत आलेल्या या कुत्र्यांना माणूस लागतो. अमेरिकेत ओहायोतल्या एका निवाऱ्यात १९९०च्या दशकात कुत्र्यांचं रक्त तपासलं, तेव्हा कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक पहिल्या तीन दिवसांत सगळ्यात चढलेलं आढळलं. म्हणजे नवा कुत्रा कोपऱ्यात तोंड घालून बसतो, ते त्याचं आडमुठेपण नव्हे. त्याच्याकडे टक लावून बघू नये, डोक्यावरून हात नेऊ नये. पिंजऱ्याशी आडवं बसायचं आणि आपलं रसायनशास्त्राचं पुस्तक हळू आवाजात वाचायचं. परीक्षेची तयारीही होते.

आता सांभाळायच्या गोष्टी. कुत्र्यांच्या पिल्लांचा काळ म्हणजे पार्व्हो : उलट्या, रक्ताची हगवण, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. हा विषाणू जमिनीत कित्येक महिने तग धरतो, नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही. ब्लीचिंगचं पाणी लागतं. म्हणून आधी लहान पिल्लांकडे जायचं, आजाऱ्यांकडे सगळ्यात शेवटी. घरी कुत्रा असेल तर कपडे-चपला बदलल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. डिस्टेंपर हाही कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार, आणि त्याच्या लसीचा प्रश्न तुमच्या जिल्ह्यात कुत्र्यांपुरता राहत नाही. २०१८ साली गीरमधल्या सिंहांत हाच विषाणू सापडला होता आणि बरेच सिंह दगावले. तुमच्याकडेही टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला वाघ आणि गावकुत्री एकाच रानात फिरतात.

तुझ्यासाठी रेबीजची लस : जाण्याआधीच घ्यायची, पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. पुढे कधी दात लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आधी लस पूर्ण झालेली असली की पुन्हा दोनच मात्रा पुरतात आणि जखमेत द्यायचं ते महागडं सीरम लागत नाही.

तुमच्या बाजूचं ठाऊक असलेलं ठिकाण म्हणजे वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथलं पीपल फॉर अॅनिमल्सचं करुणाश्रम. तिथे जखमी वन्यप्राणीही असतात. दारव्ह्याहून रोजची ये-जा मात्र झेपणार नाही. त्यावर एक तोड आहे : निवाऱ्यातला कुत्रा थोडे दिवस घरी आणून सांभाळणं. अॅरिझोनाच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच निवाऱ्यांतली कुत्री एक-दोन रात्री माणसांच्या घरी ठेवून पाहिली; कॉर्टिसॉल उतरलं. निवाऱ्यात परतल्यावर ते पुन्हा पहिल्याइतकं झालं, पण त्याहून चढलं नाही. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. 'घरची सवय लावून परत पाठवणं क्रूर' असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे. टाके काढेपर्यंतचा किंवा अंगावरून सुटलेल्या पिल्लाचा सांभाळ दारव्ह्यातही जमेल. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून ठेव, तिथे अशी जनावरं येतच असतात. घरात मात्र आईची परवानगी आधी.

निवाऱ्यात जाताना जुन्या चादरी, गोणपाटं, रद्दी घेऊन जा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा ओल्या गोणपाटाइतकं कामाचं दुसरं काही नाही. गादी-उशी नेऊ नकोस. कुत्री ती फाडतात, आणि कापूस पोटात अडकला की शस्त्रक्रियाच करावी लागते.