थोडे, वारंवार आणि आधी गवत
(नाजूक पोटाच्या घोड्याचा आहार : अभ्यासपाठ)

वाचनासाठी शास्त्रभाग : १ राजे ४:२८, नीतिसूत्रे १२:१०



शेळ्या, कोंबड्या आणि गायींविषयी आपण नेहमी बोलतो. या वेळचा पाठ मात्र घोड्याच्या पोटाविषयी आहे. नांदगाव तालुक्यात मी ज्या वस्त्यांवर जाते, त्यांपैकी एका वस्तीवर एका भिल्ल कुटुंबाची वरातीची घोडी आहे. लग्नसराईत नवरदेव तिच्यावर बसतो आणि त्या कमाईवर घराचे वर्ष निघते. अशी घोडी पोटशूळाने एका रात्रीत गेली, तर मागे फक्त तिच्या खरेदीचे कर्ज उरते.

गेल्या हंगामात ही घोडी दाणा अर्धा टाकू लागली, खुंट्याचे लाकूड चावू लागली, पाठीवर खोगीर चढवताना कान मागे पाडू लागली. बरगड्या दिसू लागल्या. घरचे म्हणाले, "अशक्त झाली, दाणा वाढवू." पशुवैद्यांनी तपासून आम्ल कमी करणारे औषध दिले आणि उलटे सांगितले : दाणा कमी करा, गवत वाढवा. असे का, हे आपण समजून घेऊ.

१. घोड्याचे पोट कसे चालते

गाय चार कप्प्यांच्या पोटात चारा साठवते आणि मग सावकाश रवंथ करते. घोडा रवंथ करत नाही. त्याचे जठर एकच आणि शरीराच्या मानाने लहान असते. मोठ्या घोड्याचे जठरही साधारण ८ ते १५ लिटरचेच. निसर्गाने त्याला दिवसातले १४-१६ तास थोडे थोडे चरण्यासाठी घडवले आहे.

म्हणून त्याच्या जठरात आम्ल रात्रंदिवस पाझरत राहते, तो खात असो वा नसो. त्या आम्लावर उतारा म्हणजे लाळ, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावताना. गवत चावायला वेळ लागतो, म्हणून लाळ भरपूर येते. दाणा लवकर संपतो, म्हणून कमी येते. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून फारसे संरक्षण नसते. पाच-सहा तास उपाशी उभा राहिलेला घोडा पळवला किंवा नाचवला, की आम्ल उसळून त्या भागाला लागते आणि जखमा होतात.

दुसरी गोष्ट मागच्या आतड्याची. तिथले असंख्य सूक्ष्मजीव गवताचे तंतू आंबवून घोड्याला शक्ती देतात. एकदम पुष्कळ दाणा पोटात गेला, की त्यातले न पचलेले पीठ तिथपर्यंत पोहोचते, आंबते, आणि उपयोगी जीव मरतात. त्यातून पोटशूळ होतो. कधी खुरांच्या आत दाह होऊन जनावर कायमचे लंगडे होते. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेले चुकीचे अन्न बाहेर टाकण्याची वाट त्याला नाही.

मेंढ्यांबरोबर फिरणाऱ्या धनगरांचे तट्टू पाहा. बिऱ्हाड वाहून झाले, की ते मोकळे चरते. दाणा क्वचित मिळतो, पण तोंड सतत चालू असते. खुंट्याला बांधलेल्या घोडीला हे चालू तोंड आपणच द्यावे लागते.

२. रोजचा आहार

वरातीची देशी घोडी साधारण ३०० किलोची धरू. तिला रोज किमान साडेचार किलो, शक्यतो सहा किलो सुका चारा हवा. मारवेल, पवन्या यांसारखे डोंगरी गवत उत्तम. ज्वारीचा कडबा किंवा बाजरीचे सरमड स्वच्छ आणि कोरडे असेल तर मिसळून चालते, पण कुट्टी फार बारीक करू नये. चावण्याचे कामच औषध आहे.

हा चारा एकदम न टाकता चार-पाच वेळा विभागावा : पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि सर्वांत मोठा वाटा रात्री झोपताना. रात्रीचा उपास सर्वांत लांब असतो.

दाणा नेहमी गवतानंतर. नाजूक पोटाच्या घोडीला एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त नको. हरभरा भिजवूनच द्यावा. थोडा लसूणघास रोज मिळाला तर चांगले, कारण त्यातल्या कॅल्शियममुळे आम्ल सौम्य होते. रोज साधारण २५ ग्रॅम मीठ आणि पुढ्यात सतत स्वच्छ पाणी हवे. उन्हाळ्यात अशी घोडी ३० लिटरपर्यंत पाणी पिते. पाणी कमी पडले, की लीद कोरडी होऊन आतडे तुंबते. चारा रेतीवर टाकू नये, कारण रेती पोटात साठते. दाणा तोंडातून गळत असेल तर दातांच्या टोकदार कडा पशुवैद्यांकडून घासून घ्याव्यात.

३. बदल सावकाश

चातुर्मासात वराती नसतात, म्हणून घोडीचा दाणा बंद होतो. ते योग्यच. पण तुळशीचे लग्न लागते, पहिली सुपारी येते आणि त्याच दिवशी दाण्याची पाटी भरते. पोटशूळ इथेच गाठतो. आतड्यातल्या जीवांना नव्या अन्नाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. म्हणून हंगामाच्या दोन आठवडे आधी मूठ-मूठ वाढवत जावे.

हेच नवीन खरेदीला लागू. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडे आणतात, तेव्हा किंमत, चाल, भोवरे सारे विचारतात. "हा काय खात होता?" हेही विचारावे आणि त्याच्या जुन्या चाऱ्याच्या एक-दोन पेंढ्या बरोबर आणाव्यात. रोज थोडा नवा चारा मिसळत जावा.

वरातीच्या दिवशी साज चढवण्याआधी तासभर गवत खाऊ द्यावे. वाजंत्रीत तीन तास उभे राहायचे असेल तर मध्ये दोन पेंढ्या सोडाव्यात. पाहुण्यांनी हौसेने दिलेले लाडू, गुलाबजाम नम्रपणे नाकारावेत. परतल्यावर अंग निवले की पाणी आणि गवत द्यावे. दाणा तासाभराने.

४. आपल्या भागात विशेष जपावे असे

कांदा : चाळीतला सडका किंवा टाकलेला कांदा घोड्याला घालू नये. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.
मका : बुरशी लागलेली कणसे किंवा दाणे कधीही नकोत. त्यातल्या एका विषाने घोड्याचा मेंदू बिघडतो आणि तो वाचत नाही.
कोंबडीखाद्य व गायीचे खाद्य : कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध असते. घोड्याला ते अल्प प्रमाणातही मारक ठरते. गायीच्या खाद्यातही ते किंवा युरिया असू शकतो.

घोडी पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, वळून कुशीकडे पाहू लागली, लोळू लागली, लीद थांबली, तर चारा-दाणा काढून घ्यावा आणि लगेच पशुवैद्यांना बोलवावे. १९६२ हा शासनाचा मोफत क्रमांक आहे. बाटलीने किंवा बांबूच्या नळकांड्याने तेल पाजू नये. ते फुप्फुसात जाते.

५. शास्त्र काय शिकवते

शलमोनाच्या घोड्यांसाठी अधिकारी जव आणि पेंढा दोन्ही पोहोचवत, असे पहिल्या शास्त्रभागात दिसते. राजाचे घोडेसुद्धा नुसत्या दाण्यावर नव्हते. नीतिसूत्रात नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाकडे लक्ष देतो असा अर्थ आहे. तिथे मूळ इब्री क्रियापद 'जाणणे' हे आहे. नुसती दया करणे वेगळे आणि त्या जिवाची गरज जाणणे वेगळे. अशक्त घोडीपुढे दाण्याची पाटी ओतणाऱ्याच्या मनात दया होतीच. कमी होते ते जाणणे.

मदत करणाऱ्या आपल्यालाही हे लागू आहे. दुष्काळी वर्षात आपण पशुखाद्याची पोती पाठवतो. गायींना ती उपयोगी पडतात, घोडीला नाहीत. तिला गवत हवे आणि ते दिवाळीच्या सुमारास कापणी होते तेव्हा स्वस्त मिळते. चैत्रात गंजी संपल्यावर पैसे जमवणे म्हणजे वरातीमागून घोडे. कार्तिकात घेतलेल्या गवताच्या गंजीने उन्हाळा निघतो.

त्या घोडीचे सांगायचे तर दोन आठवड्यांत आहार बदलला. दीड महिन्यात ती लाकूड चावायची थांबली आणि अंग भरू लागले. औषध थांबले, पण रात्रीचे गवत चालूच आहे. ते घरातला थोरला मुलगा टाकतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. गाय आणि घोडा यांच्या पचनात कोणता फरक आहे? त्यामुळे चारा देण्याच्या वेळा कशा बदलतात?
२. तुमच्या परिसरात घोडा, खेचर किंवा टांगा कोणाकडे आहे? त्याला रात्री किती तास उपास घडतो?
३. गरज न जाणता दिलेली मदत अपायकारक ठरल्याचे उदाहरण तुमच्या पाहण्यात आहे का?
४. येत्या कार्तिकात आपली मंडळी एका कुटुंबासाठी गवताची गंजी घेऊ शकेल का?