२.३ दिलीप चित्रे : शब्द, रंग आणि ‘अनुभवामृत’

दिलीप चित्रे (१९३८–२००९) हे कवी, चित्रकार, अनुवादक व चित्रपट-दिग्दर्शक होते. १९५४ मध्ये अरुण कोलटकर व रमेश समर्थ यांच्यासह त्यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सुरू केले. ‘कविता’ (१९६०) हा त्यांचा पहिला संग्रह. ‘एकूण कविता–१’ला १९९४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आळंदीला समाधिस्थ झालेल्या ज्ञानदेवांच्या ‘अनुभवामृता’चा त्यांनी इंग्रजी अनुवाद केला. या ग्रंथातील शब्दखंडन येथे महत्त्वाचे आहे. शब्द विस्मृताची आठवण देतो, म्हणून तो उपकारक. परंतु जे स्वयंसिद्ध आहे, ते तो सिद्ध करू शकत नाही. ही भूमिका ज्ञानदेव मांडतात तीही ओवीतूनच, म्हणजे शब्दांतूनच. शब्दाची मर्यादा शब्दानेच दाखवण्याचा हा पेच प्रत्येक कवीपुढे असतो. चित्रे यांच्या हाती रंगाचे निःशब्द माध्यमही होते. तरीही त्यांनी कविता सोडली नाही. म्हणून त्यांची चित्रकला हा कवीचा फावल्या वेळचा छंद न मानता, त्याच शोधाची दुसरी वाट म्हणून अभ्यासावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न
शब्दाची मर्यादा जाणणारा कवी शब्दाकडेच का वळतो? ‘अनुभवामृता’च्या आधारे लिहा.