२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे, हे कसं ठरवलं?

९१ मूळ संख्या आहे का असं वर्गात विचारलं की निम्मे हात "हो" म्हणून वर जातात. मग कुणाला तरी तेराच्या पाढ्यात ९१ सापडतात आणि हात खाली येतात. दोन अंकी संख्या आपल्याला फसवते, तर आजची संख्या दहा अंकी आहे : २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७.

ही संख्या कशी तयार झाली? २ ला २ ने गुणत ३१ वा घात काढायचा आणि त्यातून १ वजा करायचा. ३१ मूळ आहे म्हणून उत्तरही मूळच, असं मात्र समजू नका. मी स्वतः एकदा फळ्यावर तसं बोलून गेलो होतो! ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. दुसऱ्या दिवशी फळ्यावरच चूक दुरुस्त केली.

तर मग तपासायचं कसं? वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६३४० च्या थोडं पुढे येतं. तिथपर्यंत साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. हाताने एवढे भागाकार कोण करणार?

इथे वरची चूक कामाला येते. २३ म्हणजे २२ + १, ८९ म्हणजे ८८ + १. दोन्ही ११ च्या दुपटीच्या पटीपेक्षा १ ने जास्त. हा योगायोग नाही, फर्माच्या प्रमेयातून तसं निघतं. म्हणजे ३१ साठी विभाजक ६२ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच हवा. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यायला हवी. या दोन चाळण्यांतून ४६३४० पर्यंत पावणेचारशेच्या आसपास संख्या उरतात, आणि त्यांतल्याही संयुक्त संख्या सोडून द्यायच्या. पहिली मूळ संख्या मिळते ३११. भागून बघा, बाकी ३५ उरते. गेली!

ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये ही संख्या मूळ असल्याचं कळवलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. भागाकार करायला आळस आला की मला हे आठवतं. पुढची ऐंशीहून जास्त वर्षं याहून मोठी मूळ संख्या कुणाला सिद्ध करता आली नाही.

आणि ही संख्या तुमच्या ओळखीच्या यंत्रांतही आहे बरं का. ३२ बिटांत चिन्हासह मावणारी सर्वांत मोठी पूर्णांक संख्या हीच. जुन्या संगणकांचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं. ते १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी इथवर पोचेल आणि पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होईल. म्हणून त्या प्रणाली आधीच बदलाव्या लागतात.

आता वहीत करा : २ चा १३ वा घात वजा १ = ८१९१. वर्गमूळ ९० च्या जवळ. १३ ची दुप्पट २६, म्हणून २७, ५३, ७९ एवढ्याच संख्या समोर येतात. ८ ची चाळणी लावून यातली कोणती उरते ते शोधा आणि तिने भागून बाकी लिहा.