बाणांशेजारी वर्षं लिही

वाई

चि. मुक्ता हिस,


तू पाठवलेला वहीचा फोटो पाहिला. शिलावरण, जलावरण, वातावरण, जीवावरण अशी चार वर्तुळं आणि मध्ये दोन्ही टोकांचे बाण. परीक्षेत गुण मिळतील, त्याची काळजी नको. पण ती आकृती पाहून सगळं एकाच वेगाने चालतं असं वाटतं, आणि मला खटकतं ते एवढंच. प्रत्येक बाणाशेजारी किती काळ लागतो ते लिहीत जा.

उदाहरणाला लांब कशाला जायचं? आपल्या पायाखालचा काळा कातळ घे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो झाला. महाबळेश्वरलाही तोच, फलटणलाही तोच. पण महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, वाईत त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी आणि फलटणला आणखी कमी. ढग अडवणारा सह्याद्रीचा कडा याच कातळाचा. म्हणजे पावसाची वाटणी दगडाने केली. आता तो पाऊस दगडाचं काय करतो ते बघ.

पाचगणीच्या टेबललँडवर जांभ्याचा तुकडा हातात घे. गंजाच्या रंगाचा, छिद्राछिद्रांचा, बोटाला तांबडी भुकटी लागते. मूळ कातळात जवळजवळ निम्मी सिलिका होती. उष्ण, ओल्या हवेत लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं, सिलिका नि चुना विरघळून वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. जांभा म्हणजे त्या कातळाचा पुन्हापुन्हा उकळलेला चोथा. त्यात कस कसला असणार? कासच्या जांभ्याच्या सड्यावर माती बोटभर आणि तिच्यात नायट्रोजनची टंचाई. म्हणून तिथली सीतेची आसवं ही निळी-जांभळी, नाजूक वनस्पती जमिनीलगतच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरते. लोक फुलांचे फोटो काढतात, पिशव्यांकडे कुणी बघत नाही.

फलटणकडे उतरलीस की चित्र उलटं. पाऊस बेताचा, त्यामुळे चुना वाहून न जाता काळ्या मातीत खाली साठतो. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या शेतात पांढरे चुनखडीचे खडे सापडतात. एक खडा ठेचून त्यावर लिंबू पिळ. बारीक फेस येईल. त्यात निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड कधीकाळी पिकांच्या, गवताच्या मुळांनी मातीत सोडलेला. मुळांकडे तो पानांवाटे हवेतूनच आला होता. तुझी चारही वर्तुळं त्या खड्यात आहेत.

ओल्या बाजूची गोष्ट मात्र समुद्रापर्यंत जाते. हवेतला आणि मुळांपाशी साठलेला कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतं आणि कातळ झिजवतं. सुटलेला चुना आणि तो कार्बन कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जातात. समुद्रातले जीव त्यांपासून कवचं करतात आणि त्या कवचांचा पुढे चुनखडक होतो. हवा तापली, पाऊस वाढला, की झीज वाढते, हवेतला कार्बन जास्त ओढला जातो आणि तापमानाला लगाम बसतो. पृथ्वी इतकी वर्षं राहण्याजोगी राहिली, त्यात या लगामाचा मोठा वाटा आहे. पण या बाणाशेजारी लिही: लाखो वर्षं. कोळसा आणि तेल आपण जाळलं ते दोन-अडीच शतकांत. ‘निसर्ग आपोआप सावरून घेतो’ असं कुणी म्हटलं तर त्याला हा आकडा दाखव. सावरेल, पण तेव्हा आपण नसू.

याउलट काही बाण फार घाईचे असतात. कृष्णेप्रमाणे कोयना नदीही महाबळेश्वरलाच उगम पावते. तिच्यावर धरण बांधलं, 1962 पासून पाणी अडलं, आणि परिसरात हादरे जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला, साधारण 6.3 तीव्रतेचा, आणि कोयनानगर उद्ध्वस्त झालं. जलाशयाचा भार आणि खडकाच्या फटींत शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणाखाली असलेला भ्रंश घसरला, असं अभ्यासक मानतात. पाण्याकडून दगडाकडे जाणारा बाण एरवी युगांचा, इथे तो पाच वर्षांत पोचला. आणि मधे हात माणसाचा होता. तुझ्या आकृतीत माणूस जीवावरणाच्या कोपऱ्यात बसवलाय, तो बाहेर काढ.

पुस्तकं वाचच, पण त्यांच्यावर थांबू नकोस. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की चार दिवस इकडे ये. पसरणीचा घाट गाडीने न उतरता पायी उतरू. जांभा संपून काळा कातळ सुरू होतो तिथे झरे फुटतात. ते कुठे कुठे आहेत ते तूच शोध, मी सांगणार नाही. येताना चांगले बूट आण.

तुझी,
आत्या