गाडी म्हातारी कधी होते?

गेल्या सेमिस्टरला आम्ही चौघांनी वर्गणी काढून 2013 ची एक सेकंडहँड वॅगन-आर घ्यायचं ठरवलं. मीटरवर फक्त 40,000 किलोमीटर! दुसरी एक गाडी 1,20,000 पळालेली होती, ती आम्ही उघडून बघितलीसुद्धा नाही. इथेच आमचं इंजिनिअरिंग कमी पडलं.

मीटर अंतर मोजतं, पण इंजिन झिजतं ते तासांनी. उगाच नाही ट्रॅक्टरला आणि जेसीबीला तासांचं मीटर असतं. शहराच्या गर्दीत सरासरी वेग ताशी 15 धरा. 40,000 किलोमीटर म्हणजे जवळजवळ 2,667 तास. हायवेवर ताशी 50 धरला, तर 1,20,000 चे होतात 2,400. तिप्पट पळालेली गाडी कमी दमलेली! त्यात जवळच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, आणि जळणातून झालेलं पाणी ऑइलमध्ये साठतं.

बरं, नुसती उभी ठेवली तरी सुटका नाही. रबरी होज तडकतात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. कायदा तर फक्त वय बघतो : खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे तपासणी करून 5 वर्षांचं नूतनीकरण.

हे गणित घेऊन आम्ही गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी मीटर बघितलंच नाही. वाकून ब्रेक पेडलचं रबर चाचपलं. पार गुळगुळीत!

"चाळीस हजारात एवढं झिजत नाय रे पोरांनो. मीटर मागं फिरवलंय."

इसाराचे पाच हजार अजून परत आलेले नाहीत.