पांढरा दगड म्हणजे गारगोटीच काय ?

काही वर्षांपूर्वी दगडांचा पाठ घेत असताना एका विद्यार्थ्याने नव्या विहिरीच्या ढिगातून उचललेला एक पांढरा, चकचकीत दगड माझ्यापुढे ठेवला. मी तत्काळ "ही गारगोटी" असे सांगून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "गुरुजी, अंधारात दोन तुकडे घासून पाहिले, उजेड पडत नाही, आणि विळ्याने ओरखडाही उठतो." मुलाचे म्हणणे बरोबर होते व माझे चूक. तो दगड कॅल्साइट होता.

ही चूक आपल्या भागात सहज घडते. कवठे महांकाळ तालुक्याची भूमी सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांची, म्हणजे काळ्या पाषाणाची आहे. रस थिजताना त्यातील वायूंच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या व पुढे खनिजयुक्त पाण्याने त्या भरून निघाल्या. अशा छिद्रयुक्त खडकास विहिरी खोदणारे 'मांजऱ्या' म्हणतात. त्यातील पांढरी खनिजे तीन निरनिराळ्या जातींची असू शकतात. म्हणून केवळ रंगावरून नाव देऊ नये.

प्रथम चाकूचे टोक ओढून पाहावे. गारगोटीवर, म्हणजे क्वॉर्ट्झवर, ओरखडा उठत नाही. उलट तीच काचेवर ओरखडा काढते. मोस या शास्त्रज्ञाने १८१२ साली मांडलेल्या कठिनतेच्या मापात तिचा क्रमांक ७ आहे, कॅल्साइटचा ३. गारगोटी फुटते तेव्हा शिंपल्याच्या आतील भागासारखा वक्र पृष्ठभाग दिसतो. कॅल्साइट मात्र ठरावीक दिशांनीच फुटून त्याचे तिरकस चौकोनी तुकडे होतात. त्याची पूड करून वर लिंबाचा रस पिळल्यास बारीक बुडबुडे येतात. (सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल असल्यास त्याचा थेंब शिक्षकानेच टाकावा.) शेतातील चुनखडीच्या खड्यांवरही हाच प्रयोग करावा; खडे घरचे असल्याने मुलांस त्याचे फार कौतुक वाटते.

चाकूने ओरखडा उठतो, पण लिंबाने बुडबुडे येत नाहीत, असा दगड आढळल्यास तो बहुधा झिओलाइट गटातील समजावा. यांपैकी स्टिल्बाइटला मोत्यासारखी चमक असते, आणि त्याचे स्फटिक मध्यभागी आवळलेल्या कडब्याच्या पेंढीसारखे दिसतात. एकदा पाहिलेले मूल ते विसरत नाही. झिओलाइट तापविल्यास त्यातील पाणी वाफ होऊन निघते व ते उकळल्यासारखे फुगते. यावरूनच स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी १७५६ साली या खनिजास 'उकळणारा दगड' या अर्थाचे नाव दिले. सिन्नर येथील प्रसिद्ध संग्रहालयाचे नावही 'गारगोटी'च आहे, परंतु त्याची ख्याती मुख्यतः झिओलाइटांमुळे आहे ! तेव्हा लोकभाषेतील शब्द चुकीचा म्हणून मुलांस रागावू नये. त्या शब्दाखाली किती जाती दडल्या आहेत, ते त्यांनीच शोधावे.

आता उरला काळा पाषाण. त्यात मुख्यतः फेल्स्पार व पायरोक्झीन असतात, पण कण इतके सूक्ष्म की साध्या डोळ्यांनी ते ओळखण्याचा आग्रह धरू नये. क्रमिक पुस्तकांतील ग्रॅनाइटचे अभ्रक येथे शोधणे तर व्यर्थच. त्याऐवजी चुंबक कागदात गुंडाळून अग्रणी नदीच्या किंवा गावओढ्याच्या कोरड्या वाळूतून फिरवावा. चिकटलेले काळे कण दुसऱ्या कागदावर झटकून मुलांस दाखवावेत. ते बहुतांशी मॅग्नेटाइटचे असतात.

शाळेच्या संग्रहात प्रत्येक नमुन्यासोबत विहिरीचे ठिकाण, अंदाजे खोली व कोणत्या परीक्षेवरून नाव ठरविले ते चिठ्ठीवर लिहावे. नाव ठरले नसेल तर ती जागा कोरी ठेवावी.